खोक्यातलं भरतकाम

पत्र : आम्ही दोघं आणि सहा वर्षांची मुलगी. सात वर्षं याच भाड्याच्या घरात आहोत. पाच महिन्यांनी करार संपतोय आणि मालकांनी भाडं वाढवणार असं कळवलंय. नवरा म्हणतो, ‘‘किती दिवस दुसऱ्याचं कर्ज फेडायचं? तेवढ्याच पैशांत आपलं घर होईल.’’ आम्ही एका नव्या इमारतीतलं नमुना घर पाहून आलो. फार सुंदर आहे. पण रात्री हिशेब मांडायला बसलं की मला धडकी भरते. सध्याच्या घरात बेडरूमची एक भिंत दरवर्षी काळी पडते. मालक रंग देतात, सहा महिन्यांत पुन्हा तेच. मला घर सजवायची खूप हौस आहे, पण हे आपलं नाही म्हणून आजवर एक खिळासुद्धा ठोकला नाही. माझ्या आईनं स्वतः भरलेलं एक मोठं भरतकाम आहे, काचेच्या फ्रेममध्ये. ते सात वर्षं खोक्यात आहे. घर घ्यावं, की भाड्यानंच राहावं?
– खोक्यात अडकलेली

उत्तर :

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा घराचा हिशेब वाचला, दुसऱ्यांदा ते खोकं. खोक्याकडे शेवटी येते, कारण आधी पाच महिन्यांचं बघायला हवं.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला ताण येणार नाही. या पाच महिन्यांत घर विकत घेऊ नका. कधीच घेऊ नका असं म्हणत नाही. पण करार संपतो ही भाड्याची मुदत आहे, ती तुम्ही खरेदीच्या गळ्यात बांधली आहे. वीस वर्षं फेडायची गोष्ट पाच महिन्यांच्या घाईत ठरली, तर त्या घाईची किंमतही वीस वर्षं भरावी लागते. मालकांकडे सहा महिन्यांची किंवा वर्षाची मुदतवाढ मागा. तुमच्यासारखे सात वर्षं वेळेवर भाडं देणारे भाडेकरू सहज मिळत नाहीत, हे त्यांनाही ठाऊक असणार. वाढीव भाड्याबद्दल बोलताना ती काळी भिंत सोबत घ्या. भिंत नीट दुरुस्त होणार असेल तर वाढ मान्य, नाहीतर नाही.

आता ‘दुसऱ्याचं कर्ज फेडतोय’ या वाक्याबद्दल. ते इतक्या घरांत इतक्या वेळा बोललं जातं की कुणी ते तपासतच नाही. भाडं परत येत नाही, हे खरं. पण व्याजही परत येत नाही. ८ टक्के दरानं २० वर्षांसाठी कर्ज घेतलंत, तर शेवटपर्यंत मुदलाच्या जवळजवळ दुप्पट रक्कम भरता. कर्जाचे १०० भाग धरा. पहिल्या ५ वर्षांत तुम्ही सुमारे ५० भाग भरलेले असता आणि तरीही साडेसत्त्याऐंशी भाग बाकी असतात. पहिल्या महिन्याच्या हप्त्यातला तर जवळपास ८० टक्के वाटा नुसतं व्याज असतो. त्यामुळे घर घेऊन तीन-चार वर्षांतच विकायची वेळ आली की लोक चक्रावून जातात. ‘एवढे हप्ते भरले, गेले कुठे?’ असं होतं.

खरी तुलना भाडं आणि हप्ता यांची नाहीच. दोन्हीकडचा परत न येणारा खर्च समोरासमोर ठेवा. समजा घराची किंमत १०० भाग आहे आणि तसंच घर भाड्यानं वर्षाला ४ भागांत मिळतं. विकत घेताना २० भाग स्वतःचे घातले, ८० कर्ज काढलं. पहिल्या वर्षाचं व्याज सहा-साडेसहा भाग. देखभालीला वर्षाला किमतीच्या १ टक्का धरायची जुनी पद्धत आहे, म्हणजे १ भाग. स्वतःचे २० भाग दुसरीकडे गुंतवले असते तर ५ टक्क्यांनी १ भाग मिळाला असता, तोही गेला. एकूण आठच्या वर. म्हणजे भाड्याच्या दुप्पट! घराची किंमत वर्षाला चारेक टक्क्यांनी वाढत राहिली, तर दोन्ही पारडी साधारण सारखी होतात. वाढली नाही तर नाही. तुमच्या आकड्यांनी हे गणित वेगळं येईल, कदाचित घर घेण्याच्या बाजूनंही येईल. एक ढोबळ ठोकताळा सांगते : घराची किंमत वर्षाच्या भाड्याच्या १५ पटींच्या आत असेल तर घ्यायला हरकत नाही, २० पटींच्या वर गेली तर भाड्यानं राहणं बहुधा स्वस्त पडतं. ते नमुना घर कितव्या पटीत बसतं, हे आज रात्री बघा. धडकी आकड्यांनी भरली की अंधारानं, तेही कळेल.

तुमच्या नवऱ्याची बाजूही घ्यायला हवी, कारण ती पोकळ नाही. हप्ता ही सक्तीची बचत असते आणि बऱ्याच जणांच्या हातून दुसरी कुठलीच बचत होत नाही. भाडं वाढत राहतं, ठरलेल्या दराचा हप्ता वाढत नाही. दर बदलता असेल तर मात्र तोही वाढतो, हे सही करण्याआधी विचारून घ्या. मुलीची शाळा बदलायला लागणार नाही, उद्या कुणी ‘घर रिकामं करा’ म्हणणार नाही, या गोष्टींना कुठल्याच कोष्टकात रकाना नसतो. एकाच जागी किमान सहा-सात वर्षं राहायचं नक्की असेल तर त्यांचं पारडं जड होतं. तेवढं नक्की आहे का? हा प्रश्न एकमेकांना विचारा, पण वेगवेगळ्या कागदांवर उत्तर लिहून. तोंडी विचारलं की एकाचं उत्तर ऐकून दुसरा आपलं बदलतो.

मग हप्त्याची रंगीत तालीम करा. घर घेतल्यावर दरमहा जे जाईल ते सगळं एकत्र करा : हप्ता, देखभाल, कर, विमा. त्यातून आजचं भाडं वजा करा. उरलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून वेगळ्या खात्यात टाका आणि घर घेतलंच आहे असं समजून महिना काढा. पाच महिने. आजारपण येईल, कुणाचं लग्न निघेल, फ्रिज बिघडेल, तरी खात्याला हात लावायचा नाही. जमलं, तर तुमची भीती उगाच होती आणि वर थोडे पैसेही साठले. तिसऱ्या महिन्यात खात्याला हात लागला, तर बँकेआधी तुम्हाला स्वतःलाच उत्तर मिळालं. सगळे हप्ते मिळून घरात येणाऱ्या पैशाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर जात असतील तर मी पुढे जाणार नाही. आणि आगाऊ रक्कम भरून झाल्यावर निदान सहा महिन्यांचा घरखर्च हातात उरायला हवा. सगळी पुंजी घरात ओतून रिकाम्या हातानं त्या घरात राहायला जाणारी माणसं मी पाहिली आहेत. पहिल्या वर्षी त्यांना पडदेसुद्धा घेता येत नाहीत, हे तर सोडाच, झोप लागत नाही.

त्या नमुना घराबद्दल थोडं. नमुना घर डोळ्यांसाठी बांधलेलं असतं. दिवे सगळे चालू, आरसे मोक्याच्या ठिकाणी. पलंग नेहमीपेक्षा तोकडा असू शकतो, कपाटं उथळ असू शकतात, कधी कधी खोल्यांना दारंच बसवलेली नसतात, त्यामुळे दार उघडायला किती जागा जाते ते कळत नाही. पुढच्या वेळी मोजपट्टी घेऊन जा आणि घरातल्या पलंगाची, कपाटाची, जेवणाच्या टेबलाची मापं लिहून न्या. माणसाला सहज जायला ७५ ते ९० सेंटिमीटर वाट लागते, पलंगाच्या बाजूनं ६० तरी. खोली भिंतीपासून भिंतीपर्यंत स्वतः मोजा, कारण जाहिरातीतल्या आकड्यात भिंतींची जाडी आणि जिन्याचा वाटाही धरलेला असू शकतो. जिन्याचं वळण आणि लिफ्टचं दारही मोजा. मी एकदा हौसेनं सोफा घेतला, तो दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकला तो अडकलाच. शेजाऱ्यांना दोन तास त्याच्यावरून चढून जावं लागलं. सोफा परत गेला, माझी अब्रूही त्याच्याबरोबर.

घर भाड्याचं असो की विकतचं, एकदा बघून ठरवू नका. दोनदा जा, वेगळ्या वेळी. रविवारी दुपारी बघून मी एक घर भाड्यानं घेतलं होतं. शांत, उजेडाचं. सोमवारी सकाळी सातला खालच्या मजल्यावर पत्रा कापायचं यंत्र सुरू झालं आणि पुढचे अकरा महिने ते थांबलं नाही. तेव्हापासून मी कामाच्या दिवशी सकाळी एकदा आणि अंधार पडल्यावर एकदा, असं बघते. गेल्यावर नुसतं फिरू नका, घर वापरून बघा. न्हाणीघरातला आणि स्वयंपाकघरातला नळ एकदम सोडा आणि त्याच वेळी फ्लश ओढा, धार किती पडते ते कळेल. प्रत्येक खिडकी उघडून पुन्हा लावा. फोनचा चार्जर खिशात ठेवा, प्रत्येक प्लगला लावून बघा. फरशीवर नाणं वाजवत जा. भद्द, पोकळ आवाज आला तर तिथली फरशी खालून सुटलेली आहे. सगळं घर जुन्या रंगाचं आणि एकच भिंत ताजी रंगवलेली असेल तर त्या भिंतीला हात लावून बघा आणि मालकांना विचारा. खिडक्या पश्चिमेला असतील तर दुपारचं तिरकं ऊन थेट आत येतं. ते वरच्या सज्जानं अडत नाही, बाहेरून उभी आडोशाची सोय करावी लागते. भिंतीचा रंग, नळ, दिवे, ओटा हे सगळं नंतर बदलता येतं. खिडकीची दिशा, हवेचा झोत, छताची उंची आणि वरच्या मजल्यावरचे लोक बदलता येत नाहीत. भाव करताना लक्ष या दुसऱ्या यादीवर हवं. आपण नेमके चकचकीत नळ बघून भुलतो.

भाड्याच्या कराराचं लवकर आटपते. कुठली दुरुस्ती कोणी करायची, घर सोडायचं तर किती आधी कळवायचं, अनामत कधी आणि काय कापून परत मिळणार, एवढं कागदावर असू द्या. राहायला जाल त्या दिवशी, सामान आत येण्याआधी, प्रत्येक भिंतीचे, फरशीचे आणि मीटरचे फोटो काढून मालकांना पाठवा. घर न बघता कुणालाही पैसे देऊ नका. घर दाखवणारा माणूस खरंच मालक आहे का, हेही विचारा. विचारण्यात संकोच कसला?

आता त्या काळ्या भिंतीकडे येऊ, कारण मुदतवाढ घेतलीत तर तिच्याबरोबर अजून काही महिने काढायचे आहेत. दरवर्षी रंग देणं म्हणजे ताप आलेल्याला पावडर लावणं. ओल कुठून येते ते कळल्याशिवाय रंगाला हात लावू नका. ओल तीन तऱ्हेची असते. पहिली वरून किंवा शेजारून झिरपणारी : नळाची, न्हाणीघराची, गच्चीची. तिचा डाग गोलसर असतो, कडेला पिवळट-तपकिरी रेघ असते. दुसरी जमिनीतून वर चढणारी. ती तळमजल्यावर असते, खालून साधारण मीटरभर चढते आणि भिंतीला लोणा लागतो, पांढरी पूड सुटते. तिसरी म्हणजे भिंतीला सुटणारा घाम. थंड पाण्याच्या ग्लासाला बाहेरून पाणी सुटतं तसंच. घरातली दमट हवा गार भिंतीला टेकली की पाणी होतं, आणि जिथे हवा खेळत नाही तिथे, म्हणजे कोपऱ्यात, कपाटामागे, पलंगाच्या डोक्याशी, काळी बुरशी धरते. तुम्ही ‘काळी पडते’ लिहिलंत म्हणून मला तिसरीचा संशय आहे. पण संशयावर जाऊ नका, तपासा.

तपासणी फुकटात होते. भिंतीचा तो भाग पुसून कोरडा करा. वहीच्या दोन पानांएवढा जाड प्लॅस्टिकचा तुकडा त्यावर ठेवून चारही बाजूंनी चिकटपट्टीनं हवाबंद करा. दोन दिवस राहू द्या. प्लॅस्टिकच्या खोलीकडच्या बाजूला दव दिसलं तर तो घाम. भिंतीकडच्या बाजूला दिसलं तर पाणी भिंतीतूनच येतंय. सोबत डागाभोवती पेन्सिलनं रेघ मारून तारीख लिहा. महिन्याभरात डाग रेघेबाहेर गेला तर झिरपण चालूच आहे आणि ते मालकांचं काम आहे. रेघेचा फोटो त्यांना पाठवा. तोंडी तक्रारीपेक्षा तारखेची रेघ जास्त बोलते.

घाम निघाला तर बरंचसं तुमच्या हातात आहे. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. अंघोळीनंतर आणि स्वयंपाक करताना पंखा किंवा खिडकी चालू ठेवा, नंतरही पंधरा-वीस मिनिटं. ओले कपडे त्या खोलीत वाळत घालू नका. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र मिळतं, त्यात आकडा ६० टक्क्यांच्या खाली ठेवायचा प्रयत्न करा. बुरशी पुसताना हातमोजे आणि मास्क घाला, साबणाच्या पाण्यानं पुसा आणि भिंत खडखडीत वाळू द्या, मगच रंग. बुरशीवरच रंग दिला की रंग पापुद्रे होऊन सुटतो, तुमच्याकडे हेच होत असणार. ब्लीच वापरणार असाल तर त्यात शौचालय साफ करायचं आम्ल किंवा अमोनिया असलेलं काही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. मुलगी त्याच खोलीत झोपत असेल तर भिंत सुकेपर्यंत तिचं अंथरूण दुसरीकडे हलवा.

आणि आता खोकं.

सात वर्षं म्हणजे तुमच्या मुलीच्या वयापेक्षा जास्त. ती या घरातच मोठी झाली. तिच्या लेखी हे भाड्याचं घर नाही, घर आहे. तुम्ही तिला रिकाम्या भिंती दाखवत मोठं केलंत, कारण खरं घर पुढे कुठेतरी आहे असं तुम्हाला वाटत होतं. हे टोचून बोलतेय असं समजू नका. मीही पडद्यांचं कापड घेऊन चार वर्षं ‘नव्या घरात शिवू’ म्हणत ठेवलं होतं. शिवायला काढलं तेव्हा घडीवर विरलेलं होतं.

भाड्याच्या घरात खर्च करायचा तो उचलून नेता येईल अशा गोष्टींवर. दिवे सगळ्यात आधी. छताच्या मधोमध एकच झगझगीत दिवा असला की चांगली खोलीही प्रतीक्षालयासारखी दिसते. त्याऐवजी वेगवेगळ्या उंचीवर तीन लहान दिवे ठेवा : एक टेबलावर, एक कोपऱ्यात उभा, एक वाचायच्या जागी. दिव्याच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, बसायच्या आणि झोपायच्या खोलीला. ४००० म्हणजे पांढरा, ओट्यावर आणि अभ्यासाला. ६५०० घरात मला तरी सोसत नाही. किती वॅट ते बघू नका, ल्यूमेन बघा. जुन्या ६० वॅटच्या बल्बएवढा उजेड म्हणजे साधारण ८०० ल्यूमेन.

पडद्याचा दांडा खिडकीच्या चौकटीला चिकटून न लावता वीतभर वर आणि दोन्ही बाजूंना थोडा बाहेर लावा. पडदे उघडल्यावर काच पूर्ण मोकळी राहते, खोली उंच वाटते. नवीन सामान घेण्याआधी त्याच्या मापाची वर्तमानपत्रं जमिनीवर पसरून दोन दिवस त्यांच्याभोवती वावरा. पायाखाली कागद येत राहिला तर ते टेबल तुमच्या खोलीत मावणारं नाही. मालकांनी रंग बदलायची परवानगी दिली तर दुकानातल्या चिमुकल्या तुकड्यावरून ठरवू नका. मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारा आणि तो पुठ्ठा सकाळी, दुपारी, दिव्याखाली वेगवेगळ्या भिंतींना लावून बघा. चारही भिंतींना लागल्यावर रंग एकमेकांवर उजेड टाकतात आणि तुकड्यापेक्षा गडद दिसतात.

एक गोष्ट मात्र हौसेची नाही. पुस्तकांचं उंच कपाट आणि खणांचं टेबल भिंतीला ब्रॅकेटनं बांधून टाका. सहा वर्षांचं मूल खण उघडून त्याचा जिना करतं. भोकं पाडायची परवानगी मालकांकडून लेखी घ्या. त्याच कागदावर आणखी दोन भोकं मागून घ्या, भरतकामासाठी. काचेची मोठी फ्रेम चिकटपट्टीच्या हुकांवर टांगू नका, त्यांच्या पाकिटावर वजनाची मर्यादा लिहिलेली असते आणि सुटलेल्या रंगावर तेवढंही वजन ते पेलत नाहीत. दोन स्क्रू लावा, घर सोडताना पुट्टी भरायची, एका संध्याकाळचं काम.

पण ते बेडरूमच्या त्या भिंतीवर लावू नका. ओल काचेमागे शिरली की कापडावर ठिपके पडतात, ते जात नाहीत. थेट ऊन येतं ती भिंतही नको, धाग्यांचे रंग उडतात. घराच्या आतल्या बाजूची, कोरडी भिंत बघा. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ सेंटिमीटरवर आला की उभ्या माणसाच्या नजरेसमोर येतं. मुलीला आजीचे टाके जवळून बघायचे असतील तर वीतभर खाली घ्या.